डिस्क वाढवावी, पण जपून

शाळेचे दप्तर पूर्वी लोखंडी पेटीत असे. पेटीत पावसाचे पाणी शिरले की साऱ्या गावाच्या जन्मतारखा वाहून जात. आज तेच दप्तर संगणकाच्या हार्डडिस्कवर असते. डिस्कला वाळवी लागत नाही हे खरे. पण एखाद्या सकाळी ती न सांगतासवरता बंद पडते.

यावर अमेरिकेत बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा संच करावा, असा तो विचार. त्याला 'रेड' म्हणतात.

गुरुजींना हे फळ्यावर सहज दाखवता येईल. तीन पाट्या घ्या. पहिलीवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहा. आता कोणतीही एक पाटी फुटू द्या. उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो की नाही? यंत्र बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवते आणि तो सगळ्या डिस्कांवर वाटून देते. हीच रेड ५. रेड ६ मध्ये असे दोन हिशेब असतात. म्हणून दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

आमच्या महाविद्यालयात चार-चार टेराबाइटच्या तीन डिस्क रेड ५ मध्ये होत्या. एकीएवढी जागा हिशेबाला जाते, म्हणून उपयोगाची जागा ८. चौथी डिस्क आणली तेव्हा प्रश्न पडला. रेड ५ च ठेवली तर जागा १२ होते. रेड ६ केली तर ८ च राहते, पण भरवसा वाढतो. आम्ही भरवसा निवडला.

बटण दाबणार, एवढ्यात आमचे हेडक्लार्क म्हणाले, "सर, नक्कल काढलीत का?" काढली नव्हती! मग दोन दिवस खर्चून ती काढली आणि नंतरच काम सुरू केले. या कामात कंट्रोलर सगळा मजकूर वाचून नव्याने मांडतो. त्याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. दुसऱ्या रात्री एक जुनी डिस्क गेली, आणि दुसरीवरचा काही भाग वाचता येईना. त्यात एका वर्षाची गुणपत्रके होती. नक्कल होती, म्हणून मुलांचे गुण वाचले.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नसावी. आपला कंट्रोलर असा बदल करू देतो का, हे आधी पाहावे. काम चालू असता वीज जाऊ नये, याची तजवीज करावी. जागा वाढवली असेल, तर ती संगणकाच्या व्यवस्थेतही वाढवून घ्यावी. एरवी ती नुसती पडून राहते.

आणि रेड म्हणजे नक्कल नव्हे. आपण चुकून पुसलेले ती चारही डिस्कांवरून इमानाने पुसते. नक्कल वेगळी काढावी आणि दुसऱ्या जागी ठेवावी.