फुटक्या कपबशांची माणसं

मी झिरकपूरला राहते. चंडीगडचं रॉक गार्डन इथून जवळच, त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवायचं काम माझ्याकडेच असतं.

ते घडवणारे नेकचंद सैनी १९२४ च्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या शकरगड भागात जन्मले. फाळणीत गाव सुटलं. पुढे चंडीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. नव्या शहरासाठी वीसेक गावं उठवली गेली. त्यांचा मलबा आणि नदीपात्रातले दगड नेकचंद सायकलवर लादून सुखना तळ्याजवळच्या सरकारी जंगलात नेत, तेही गुपचूप, वर्षानुवर्षं! १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली. मधली सरकारी भानगड मी गाळते, कारण मला कपबशांवर यायचंय.

आधी ते नुसते विचित्र आकाराचे दगड मांडत. मग स्वतः आकृत्या घडवू लागले. सायकलची चौकट झाली जनावराचं धड, फोर्क झाले पाय. त्यावर सिमेंट लिंपायचं आणि ते ओलं असतानाच चिनी मातीचे तुकडे दाबून बसवायचे. माणसांच्या मूर्तींचा चेहरा साधा, अंगरखा मात्र बघत राहावा असा: कुठे बशीची निळी कड, कुठे अर्धंच फूल, कुठे बांगड्यांच्या काचा. हे कपडे रंगवलेले नाहीत. तो रंग भट्टीत भाजलेल्या झिलईचा, म्हणून उन्हापावसात टिकतो.

आणि अशी एखाददुसरी मूर्ती नव्हे, रांगाच्या रांगा! एकेकटी मूर्ती ओबडधोबड वाटेल. रांगेत उभी राहिली की गाव होते. नेकचंदांची शैली ती हीच.

फुटक्या भांड्यांना असं नवं आयुष्य दुसरीकडेही मिळतं. अमेरिकेतल्या अकोमा प्युब्लोच्या कुंभारणी जुन्या खापऱ्या कुटून नव्या मातीत कालवतात, म्हणजे भांडं भाजताना तडकत नाही. तिथे खापरी भांड्याच्या पोटात जाते, इथे मूर्तीच्या अंगावर मिरवते. टाकून कुणीच देत नाही.

आमच्या झिरकपुरात मात्र टॉवरमागून टॉवर उठतायत आणि जुन्या घरांचा मलबा प्लास्टिकसकट ट्रकमधून निघून जातो. निवडून घेणारा हात हरवत चाललाय, असं मला वाटतं.

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपण शिकलोच ना? मग सोसायटीत फुटक्या कपबशांसाठी तिसरी टोपली ठेवा. जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारून बघा. बहुतेक ते आनंदानं नेतील.