सफारी आणि जागल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



बाईंनी बजावलंय, "पाच मिनिटांत आटप." प्रयोगवही कायम उशिरा देणारी मी, आज तरी वेळ पाळते.

मला केन्याच्या सहलीविषयी बोलायचं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पुण्याहून गेलो. दोन दिवस नैरोबी, तीन दिवस मसाई मारा.

नैरोबी शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे. १९४६ साली स्थापन झालेलं, ११७ चौरस किलोमीटरचं. समोर गेंडा चरतो आणि त्याच्या मागे उंच इमारती दिसतात. तीन बाजूंना कुंपण आहे, पण दक्षिणेची बाजू मोकळी, कारण प्राण्यांना बाहेरच्या माळावर ये-जा करायची असते.

मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट येतात. दिसायला आपल्या रोह्याचा दाढीवाला भाऊ. नदीकाठी आम्ही तीन तास थांबलो. पहिल्याने पाण्यात उडी घेतली आणि पाठोपाठ हजारो. माझा मुलगा मोबाइल धरायचाही विसरला.

परतताना आमच्या मसाई चालकाने विचारलं, "तुमच्या गावाकडे कोणते प्राणी आहेत?" मी पटकन म्हणाले, "काही नाही, नुसती शेती." मग तो त्याच्या घरचं सांगू लागला. तिथे गुरांभोवती काट्यांचं कुंपण असतं आणि सिंह येऊ नये म्हणून घरातले आळीपाळीने रात्रभर जागतात.

ते ऐकलं आणि मी गप्प झाले. ही तर आपली जागल! आपण दहावीत होतो तेव्हा, म्हणजे आपला जिल्हा अजून अकोला होता तेव्हा, बाबा तुरीच्या दिवसांत रोज रात्री मचाणावर असायचे. डबा वाजवायचे, ओरडायचे. आईच्या जुन्या साड्या वावराभोवती बांधलेल्या. तरी सकाळी अर्ध्या ओळी रोह्यांनी खाल्लेल्या. पुढे त्याच तुरीच्या पैशांतून माझी इंजिनिअरिंगची फी गेली. आणि मी म्हणाले, "काही नाही"!

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "रोही पाहाले एवढ्या दूर गेलती? राती वावरात ये, फुकट दावतो."

नैरोबी उद्यानाच्या त्याच मोकळ्या बाजूला रिचर्ड तुरेरे नावाचा मसाई मुलगा राहायचा. सिंह घरची गुरं मारायचे. हलत्या उजेडाला सिंह बिचकतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने जुनी बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि टॉर्चचे बल्ब जोडून लुकलुकणारे दिवे बनवले. २०१३ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याने टेडच्या व्यासपीठावर ते जगाला सांगितलं. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते, पण बाबांच्या जागरणावर काही करावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

दिवाळीत तसे सहा दिवे मी आमच्या वावरात लावले. आठ दिवस रोही फिरकले नाहीत. नवव्या दिवशी दिव्याखालीच हरभरा खाऊन गेले. बाबा म्हणाले, "त्यायले वाटलं, दिवायी हाय!" शेवटी मीही एक रात्र मचाणावर काढली. पहाटे सात रोही धुक्यातून आले. खरं सांगते, ते मारातल्याइतकेच देखणे होते. आणि मी डबा वाजवला.

माराच्या आसपास कित्येक मसाई आपली जमीन सफारीच्या कॅम्पना भाड्याने देतात आणि दरमहा पैसे मिळवतात. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हाती येतो तो नुकसानीचा अर्ज आणि पंचनामा. आपल्यापैकी बरेच जण आजही इथे शेती करतात. अर्ज, फोटो, ऑनलाइन काम, ज्याला अडेल त्याने मला फोन करावा. एवढं मला नक्की येतं.

परदेशात जरूर फिरा. त्याआधी आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य पाहा. मीही अजून पाहिलेलं नाही, पुढच्या मेळाव्याला सगळे मिळून जाऊ. आणि कुठेही गेलात तरी तिथल्या माणसाला एवढं विचारा, "रात्री जागावं लागतं का?"

बाई, झाली पाच मिनिटं.