ही कुठली गाडी, आजोबा?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी गाड्यांवर बोलणार हे नोटीस बोर्डावर लागल्यावर दोघांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "पार्किंगचा प्रश्न काढणार का?" नाही काढणार. तो विषय जनरल बॉडीचा. मी सांगणार आहे ते परदेशात रस्त्यावर दिसणाऱ्या, आपल्याला अनोळखी वाटणाऱ्या गाड्या कशा ओळखायच्या ते.

आपल्या इथल्या कितीतरी घरांतली मुलं बाहेर असतात. आपण तिकडे तीन महिने जातो. मुलं सकाळी कामावर निघून गेली की मागे आपण दोघं, म्हणजे घरात ठेवलेल्या बॅगांसारखे. गेल्या वर्षी बर्लिनला पहिले पंधरा दिवस माझं तेच झालं. आठ वर्षांच्या नातवाला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे होतं. तो जर्मन बोलणार, आईबरोबर थोडं इंग्रजी, आणि मराठी म्हणजे "हो", "नको" आणि "भूक लागली". शाळा ते घर वीस मिनिटं. वीस मिनिटं आम्ही दोघं गप्प. घरी आल्यावर आमची ही विचारायची, "काय बोललात?" मी काय सांगणार?

ही कोंडी एका आवाजाने फुटली. एके दिवशी मागून फटफट करत काहीतरी आलं, निळसर धूर आणि तो जुना वास. मी मागे न वळताच म्हटलं, "टू-स्ट्रोक!" नातू ओरडला, "ट्राबी!" आवाज मला माहीत होता, नाव त्याला.

ती होती ट्राबांट, जुन्या पूर्व जर्मनीची गाडी. १९५७ पासून १९९१ पर्यंत त्स्विकाऊ गावात बनली, एकंदर तीस लाखांवर. दोन सिलिंडर, सव्वीस हॉर्सपॉवर. पोलादाचा तुटवडा, म्हणून बाहेरचे पत्रे 'पत्रे' नव्हतेच. कापसाचा टाकाऊ भाग आणि राळ दाबून केलेले एक प्रकारचे प्लॅस्टिक. पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, इंजिनापेक्षा वर, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरतं, पंप लागत नाही. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. आपण स्कूटरला पंपावर घालत होतो ना, तसंच! नंबर लावून लोक दहा-बारा वर्षं थांबायचे. बँकेत स्कूटरच्या कर्जाचे अर्ज मी पाहिलेले आहेत, त्यामुळे हे ऐकून मला काही नवल वाटलं नाही. बजाजसाठी आपल्याकडेही वर्षानुवर्षं नंबर लागत. १९८९ च्या ९ नोव्हेंबरला भिंत उघडली तेव्हा पलीकडे गेलेल्या गाड्यांमध्ये ह्या सगळ्यात जास्त.

हे सगळं मी त्याला अर्धं हातवारे करून, अर्धं मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वीस मिनिटांची चाल पाऊण तासाची झाली.

आता ओळखायचं कसं? आधी नंबरप्लेट. डावीकडच्या निळ्या पट्टीवर देशाचं अक्षर असतं : जर्मनी डी, फ्रान्स एफ, पोलंड पीएल, झेक सीझेड. जर्मन नंबरात पहिली अक्षरं गावाची, बर्लिनला नुसतं बी, म्युनिकला एम. आणि शेवटी एच दिसला की थांबायचं. ती गाडी तीस वर्षांहून जुनी आणि जतन केलेली, असा तो शिक्का. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांचा नंबर आला, तसाच प्रकार; पण तिकडच्या एचवाल्या गाड्या रोजच्या रस्त्यावर फिरतात.

मग चेहरा. चेक पास करताना आम्ही सही पूर्ण बघत नसू, एखाद्या अक्षराचं वळण बघत असू. गाडीचंही तेच. मी नातवाला अवयव शिकवले : दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे नाक, वरची कड म्हणजे भुवई, मडगार्ड म्हणजे गाल. "नाक नाही" म्हणजे इंजिन मागे. मग पाठीवर हवेच्या फटी शोधायच्या. फोक्सवॅगनची बीटल तशी, इटलीची छोटी फियाट ५०० तशी, पोलंडमध्ये २००० पर्यंत बनलेली फियाट १२६ सुद्धा तशीच. प्रागला गेलो तेव्हा टाट्रा ६०३ पाहिली. लांबलचक, सरकारी अधिकाऱ्यांची गाडी, हवेने थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन तेही मागेच. ही टाट्रा, आपले टाटा नव्हेत, हे हिला दोनदा सांगावं लागलं.

सिट्रोएनची टू-सीव्ही लांबून कळते. छप्पर कापडाचं, गुंडाळता येणारं. पुढच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग वर दुमडतो. जर्मन लोक तिला बदक म्हणतात. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता न्यावी, ही शेतकऱ्यासाठी आखलेल्या त्या गाडीची मूळ अट, म्हणून ती एवढी डुलते. १९४८ ते १९९०. आणि इझेटा! सगळं तोंडच दार, स्टिअरिंग दाराबरोबर बाहेर येतं. नातू म्हणाला, "फ्रिज". बरोबर म्हणाला. ती मूळ काढणारी इटलीची ईझो कंपनी आधी फ्रिजच बनवत होती. बीएमडब्ल्यूने १९५५ पासून ती घेतली.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी सोपं आहे : मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती दिसली की ती आपली अ‍ॅम्बॅसेडर, ट्रायम्फ हेरल्ड दिसली की आपली स्टँडर्ड हेरल्ड.

आता बर्लिनमधला तो रविवार सांगतो. शेवटी एच असलेली एक फिकट हिरवी गाडी उभी होती, आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "टॅक्सी!" फियाट ११०० डी. आपल्या पद्मिनीची आई. शेजारीच मालक उभे, माझ्याच वयाचे. मला जर्मन नाही, त्यांना इंग्रजी नाही. मग नातवाला मध्ये उभं केलं. मी मराठीत सांगायचं, अडलं तर इंग्रजी शब्द, त्याने जर्मनमध्ये. इटलीत ११०० बंद झाली १९६९ ला, मुंबईत ती २००० च्या सुमारापर्यंत बनत होती, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. गृहस्थ हसले, काहीतरी म्हणाले. नातू माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तो म्हणतो खोटं." मी म्हटलं, "त्यांना सांग, मी स्वतः दादर स्टेशनहून घरापर्यंत बसलो आहे, कॅरिअरवर दोन बॅगा बांधून." त्याने 'कॅरिअर' हातांनी दाखवलं, 'बांधून'ही दाखवलं. मालकांनी दार उघडून मला मागे बसवलं. सीट तशीच. दाराचं हँडलही आपलंच!

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय बोललात?" त्या दिवशी उत्तर नातवानेच दिलं, मोडक्या मराठीत, पण सगळं.

एक सूचना. फोटो काढताना मालक जवळ असेल तर विचारा, गाडीला हात लावू नका, टेकून तर अजिबात उभे राहू नका.

आता तोच मला फोटो पाठवतो. मागच्या आठवड्यात एक आलाय : छोटीशी पिवळी गाडी, निळ्या पट्टीवर पीएल, पाठीवर फटी, आणि खाली लिहिलंय, "नाक नाही. कोण?" मोबाइल माझ्याजवळ आहे. चहाच्या वेळी दाखवतो. मात्र मोठ्यांनी जरा थांबावं, आधी मुलांना बोलू द्यावं.