गाडीआधी प्लग पाहा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



नोव्हेंबर २०२४ च्या धोरणाने तेलंगणात इलेक्ट्रिक गाड्यांचा रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ झाले. तेव्हापासून आरतीनंतरच्या गप्पांतही हा विषय निघतो. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, म्हणून लोक मला विचारतात, "गाडी किती पळते?" मी उलट विचारतो, "रात्री उभी कुठे करता?"

कोठीत खरी अडचण तीच आहे. सुलतान बाजार असो की बडी चावडी, घरे जुनी, गल्ल्या अरुंद. मीटर जिन्याखाली आणि गाडी भलतीकडेच.

माझीच चूक सांगतो. गाडी नवी आली तेव्हा गीझरच्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड जोडला आणि वायर खिडकीतून खाली सोडली. तिसऱ्या रात्री जळका वास आला. आईने उठवले म्हणून निभावले. बोर्ड वितळला होता. गीझर पंधरा मिनिटे चालतो, गाडी रात्रभर वीज ओढते, एवढे साधे गणित मी विसरलो होतो.

आता हिशेब पाहू. १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला साधारण ३ युनिट वीज मिळते. ४० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतील. पण रोज पूर्ण भरायची गरजच काय? एका युनिटमध्ये गाडी सहा किलोमीटर धरा. ऑफिसला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होत असतील, तर रात्री अडीच-तीन तास पुरतात. मात्र त्या प्लगला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, वेगळी एमसीबी, आरसीसीबी आणि पक्की अर्थिंग हवी. भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर हवा असेल, तर आधी मंजूर लोड वाढवून घ्या.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांचे नियम दुरुस्त केले. त्यानुसार गाडीसाठी वेगळे वीज कनेक्शन मागता येते. तेव्हा सेक्रेटरींशी भांडू नका, मीटिंगमध्ये विषय मांडा. आज एकाची गाडी आहे, उद्या पाच जणांच्या असतील.

ज्यांना घरी सोयच नाही, त्यांना सार्वजनिक फास्ट चार्जर आहेत. तिथे साधारण तासाभरात ८० टक्के भरते, पुढचे २० टक्के रेंगाळतात. युनिटचा दर मात्र घरच्यापेक्षा जास्त पडतो. सोलापूर-पुण्याला जाताना हेच कामी येतात, पण वाटेत एकाच चार्जरच्या भरवशावर राहू नका. तो बंद असू शकतो. पुढचा गाठता येईल एवढी बॅटरी शिल्लक ठेवा.

म्हणून माझी विनंती एवढीच: शोरूमला जाण्याआधी चांगला इलेक्ट्रिशियन घरी बोलवा. मंडळातल्या कुणालाही वायरिंग दाखवायचे असेल, तर रविवारी मी येतो. चहा तेवढा द्या.

गणपती बाप्पा मोरया!