एका देही दोन व्याधी
(मैंदर्गी येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनात उत्साहवर्धक विषयावर बोलावे, असा शिरस्ता आहे. आम्ही मात्र आज आजाराविषयी बोलणार आहोत. सभेतील वडीलधाऱ्या मंडळींकडे पाहता हा विषय अस्थानी ठरू नये. आम्ही वैद्य नव्हे. हृदयविकार आणि गुडघ्यांचा संधिवात ही जोडी सांभाळणाऱ्या अनेकांपैकी एक आहोत.

ह्या दोन व्याधी परस्परांस साह्य करितात, हे त्यांचे खरे दुष्टपण होय. सांध्यातील कूर्चा झिजली की चालवत नाही. माणूस बसून राहतो, वजन वाढते आणि त्याचा भार हृदयावर पडतो. शिवाय जो चालतच नाही, त्याला चालताना लागणारा दम जाणवावा कसा? अशा रीतीने गुडघ्याचे दुखणे हृदयाचे दुखणे झाकून ठेविते.

परंतु मोठा धोका औषधांत आहे. मैंदर्गी हे सीमेलगतचे गाव. आपल्याकडे मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा नांदतात, तसे एकाच रोग्याचे कागदही दोन ठिकाणी असतात. हृदयासाठी सोलापूर, गुडघ्यासाठी कलबुर्गी, आणि मधल्या काळात दुकानातून मागून आणलेली दुखण्याची गोळी! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या वर्गातील गोळ्या शरीरात मीठ व पाणी साठवितात, रक्तदाब वाढवितात, मूत्रपिंडांस इजा करू शकतात आणि हृदयविकाराच्या झटक्याचा संभव वाढवितात. आयबुप्रोफेन तर हृदयासाठी दिलेल्या अॅस्पिरिनच्या कार्यातही अडथळा आणू शकते. रोफेकॉक्सिब हे संधिवाताचे औषध जगभर खपत होते. झटक्याचा धोका दिसून आल्यावर २००४ साली उत्पादकांनीच ते मागे घेतले.

मग वेदना मुकाट्याने सोसावी काय? मुळीच नाही. वरून लावावयाचे मलम किंवा पॅरासिटामॉल आपणांस चालेल काय, हे डॉक्टरांस विचारावे. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करावा. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. ज्वारीची भाकरी खुशाल खावी. लोणचे, पापड आणि खारट शेंगाचटणी यांस मात्र आवर घालावा. पंगतीत खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. मात्र छातीत दाब, घाम वा अचानक दम लागल्यास ‘वात असेल’ म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

केंद्र शासनाने २०१७ साली प्रथम स्टेंटच्या व नंतर कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यामुळे गुडघा बदलण्याचा विचार आज अधिक घरांत होतो. परंतु स्टेंट बसविलेल्याने शस्त्रक्रियेसाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती केव्हा व किती दिवस थांबवावी, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवावे.

आमची ज्ञातीतील तरुणांस एकच विनंती आहे. प्रत्येक घरातील वृद्धांची सर्व औषधे एका कागदावर स्वच्छ लिहून द्या आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर दोन असतील, गावे दोन असतील; देह मात्र एकच आहे. ज्ञातीची सेवा देणग्यांनी होते, तशी अशा एका कागदानेही होते.