‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे जरा उशिरा कळवा



भाषणाचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी अदबीनं विचारलं, ‘मॅडम, पत्रिकेत “मातृत्वाचा मंगल सोहळा” असं काही छापू का?’ मी म्हटलं, बाळंतपण असंच छापा, कुणी लाजणार नाही. मागच्या रांगेतले दोघं-तिघं दाराकडे बघतायत, त्यांनी कृपा करून बसावं. आजचं निम्मं बोलणं त्यांच्यासाठीच आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन हातात घेऊन उभे असतात ते तेच.

त्या फोनवरून जे वाक्य जातं, माझं भांडण त्याच्याशी आहे. ‘मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.’ बाळाचं रडणं कानावर पडलं की दोन मिनिटांत हे चार गावांत पोचतं. त्यातला बाळाचा भाग बहुतेक वेळा खरा असतो. बाळंतीण सुखरूप आहे की नाही, हे त्या क्षणी बाळंतपण करणाऱ्या मलाही ठाऊक नसतं. वार अजून आतच असते.

वारेकडे येण्याआधी कळांबद्दल थोडक्यात सांगते. पहिलटकरणीच्या घरच्यांना घाई सगळ्यात जास्त कळांची, आणि वेळ सगळ्यात जास्त तिथंच लागतो. अंतर कमी कमी करत येणारी, जोर वाढवत नेणारी, कूस बदलली तरी न मावळणारी कळ ती खरी. गर्भपिशवीचं तोंड १० सेंटिमीटर उघडायचं असतं. पहिल्या ५ सेंटिमीटरना किती वेळ लागेल याला नेम नाही. त्यापुढचा टप्पा पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंत चालू शकतो, मग जोर लावायचे तीनेक तास. तेवढ्या वेळात तिला चालू द्या, घोटघोट पाणी घेऊ द्या, तिच्या भरवशाचं माणूस जवळ असू द्या. पाणमोट फुटून हिरवट पाणी आलं, लाल रक्त जाऊ लागलं किंवा बाळाचं हलणं मंदावलं, तर मात्र घरी थांबू नका.

आता वारेकडे येऊ. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की त्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती कोण बंद करतं? गर्भाशयाचे स्नायू बाजेच्या काथ्यासारखे एकमेकांत विणलेले असतात. ते आवळले की मधून जाणाऱ्या वाहिन्या चिमटल्या जातात, आणि रक्त थांबतं. म्हणून बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. म्हणूनच सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात दाबून बघते. ते दुखतं. बाळंतीण हात झटकते, तिची आई म्हणते, ‘आता तरी निजू द्या हो तिला.’ बेंबीच्या आसपास नारळासारखा टणक गोळा हाताला लागला तर ठीक. कणकेसारखा मऊ लागला, किंवा सापडलाच नाही, तर आमची धावपळ सुरू.

पुस्तकात हे मी शिकले होते. पक्कं केलं ते एका आत्याबाईंनी. नोकरीची पहिली वर्षं, रात्रपाळी. बाळंतपण अगदी सरळ झालेलं, मी टेबलाशी केसपेपर लिहीत होते. नऊवारीतल्या आत्याबाई बाळंतिणीच्या पायांशी बसलेल्या. म्हणाल्या, ‘बाई, हिचे पाय गार लागत्यात. आन् मघापासनं जांभया देतीया.’ मी मान वर न करता म्हटलं, ‘थंडी आहे, पांघरूण घाला.’ त्यांनी ऐकलं नाही. उठल्या आणि सरळ चादर वर केली. कापडाच्या घडीवर फारसं काही नव्हतं. रक्त पाठीकडे ओघळून रबराच्या चादरीवर साचलं होतं. पोट चोळून गोळा आवळला, गाठी काढल्या, तुंबलेली लघवी नळीनं काढली, सलाईन, इंजेक्शनं, दोन बाटल्या रक्त. बाई वाचली. आत्याबाईंना नाडी मोजता येत नव्हती, पण गार पाय आणि जांभया या दोन्ही खुणा त्यांनी माझ्याआधी वाचल्या.

रक्त किती गेलं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई बाळंतिणीखाली खुणा आखलेली प्लॅस्टिकची पिशवी पसरत आणि रक्त मापून बघत. बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांत अतिरक्तस्राव शंभरात १२ वरून साधारण ६ वर आला. डॉक्टर नाही, ऑपरेशन थिएटर नाही. एक नर्स, गोळ्या आणि मापाची पिशवी. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मोठ्या अभ्यासात पुन्हा अशीच मापाची पिशवी होती. आपल्याकडे बाळाचं वजन ग्रॅममध्ये सांगतात आणि आईचं रक्त ‘थोडंसं’ गेलं म्हणतात, याचा मला राग येतो.

घरच्या माणसांनी काय करायचं? पहिल्या तासात बाळ छातीशी लावायचं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या अंगात तेच ऑक्सिटोसिन सुटतं, पोटात कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका म्हणतात, ‘बाळ प्यायला लागलं की पोट पिळवटतं.’ पिळवटू दे, गर्भाशय आवळतंय. चीक वाईट म्हणून काढून टाकणं म्हणजे बाळाचं आणि आईचं, दोघांचं नुकसान. तिला लघवीला झाली का, हे विचारा. भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. आणि घडी बघा. तासाभरात पूर्ण भिजली, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, तर कुणी ‘असं जातंच’ म्हटलं तरी हाक मारा.

घरी आल्यावर अंगावरून जाणं हळूहळू लालचं तपकिरी, मग पांढुरकं होतं; पाच-सहा आठवडे चालतं. पुन्हा लालभडक झालं, ताप आला, वास येऊ लागला, एक पोटरी सुजून दुखू लागली, तर दवाखाना. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच पावली. बाळंतपणातले झटके बाळंतपणानंतरही येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बाळंतिणीच्या खोलीशी माझं वैर नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, तेल लावून ऊन पाण्याची आंघोळ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे माहेरची झोप, यांतलं काहीही बंद करा असं मी सांगणार नाही. वैर आहे ते बंद खिडक्यांतल्या कोळशाच्या शेगडीशी. त्या धुरानं आई आणि बाळ दोघंही गुदमरतात. दुसरं वैर ‘पाणी पिऊ नको, पोट सुटेल’ या सल्ल्याशी. दूध पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडायचं, आणि मग बद्धकोष्ठ झाला, टाके दुखतात म्हणून तक्रार करायची! पोट बांधून बरं वाटत असेल तर सैलसर बांधावं. गर्भाशय आपलं आपण सहा आठवड्यांत किलोभरावरून छटाकभर होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि डोळेही भरून येतात. मुलगी झाली म्हणून रडते, असं शेजारी परस्पर ठरवून टाकतात. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ते रडू ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती गप्प असेल, बाळ निजलं तरी तिला झोप नसेल, ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर हा आजार आहे, त्याला औषध आहे. तिला एकटी ठेवू नका.

सरकारी हिशेबात मातामृत्यू बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत मोजतात. आपला सव्वा महिना जवळजवळ तिथंच येतो. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता गेल्या. देशाचा आकडा ९७ होता, म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. त्या ३३ घरांतही व्हरांड्यात कुणीतरी फोन घेऊन उभं होतंच की.

सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते. टोपडं, झबलं, गालाला तीट, सोबत तीन माणसं, असं बाळ येतं. लस टोचून झाली की सगळे उठतात. मी बाळाच्या आईला म्हणते, ‘तू थांब. रक्तदाब बघू, टाके बघू, पोट बघू.’ ती सासूकडे बघते, मग माझ्याकडे. ‘मला काय झालंय? बाळाला आणलं होतं.’ मी टेबलापाशी पायरी सरकवते आणि सासूबाईंना सांगते, बाळाला घेऊन जरा बाहेर बसा, दहा मिनिटं लागतील.