घरपट्टीच्या बिलातली शाळा



सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहण्याचा योग आला. ती न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टनजवळच्या एका उपनगरात राहते. इकडून जाणाऱ्या आईवडिलांना सगळे नायगारा दाखवतात, तसा मलाही दाखवला. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते लेकीच्या घरपट्टीबद्दल, आणि त्या घरपट्टीवर चालणाऱ्या शाळांबद्दल.

गेल्यावर आठवडाभरातच जावई एकदा कागदपत्रं आवरत बसले होते. मी सहज विचारलं, ''घरपट्टी किती येते हो इथे?'' आकडा ऐकून मी गप्पच झाले. न्यू जर्सीत घरामागे सरासरी वार्षिक घरपट्टी २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेली. वर्षाला चार हप्त्यांत ती भरायची. जावयांनी बिल माझ्यापुढे ठेवलं. त्यात कोणाला किती हे वेगवेगळं छापलेलं होतं. गावाचा वाटा, काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा वाटा, आणि शाळांचा वाटा. शाळांचा वाटा निम्म्याहून जास्त! लेक म्हणाली, ''आई, हे घराचं बिल नाहीच गं. शाळेचं आहे. आम्ही शाळा बघितली आणि मग तिच्या हद्दीत घर शोधलं.''

तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात ती चीज अशी. एक गाव, किंवा शेजारची दोन-तीन गावं मिळून आपल्या सरकारी शाळा चालवतात. त्यांचं वेगळं मंडळ, वेगळं अंदाजपत्रक, वेगळी हद्द. न्यू जर्सी राज्य आकाराने आपल्या पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांपेक्षाही लहान आहे, पण त्यात असे सुमारे सहाशे शाळा-जिल्हे आहेत. हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा मोफत. हद्दीबाहेरच्या मुलाला सहसा प्रवेश नाही. नाव घालताना भाडेकरार, विजेचं बिल असे राहत्या जागेचे पुरावे मागतात.

हे चालवतं कोण, याची मला उत्सुकता होती. एप्रिलच्या शेवटी अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी होती, तेव्हा लेकीबरोबर मीही गेले. शाळेच्याच सभागृहात संध्याकाळी बैठक. समोर लांब टेबलामागे मंडळाचे नऊ सदस्य. गावातल्या मतदारांनी निवडलेली ही माणसं. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक. या कामाबद्दल पगार नाही. दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी येऊन बसायचं. त्यांच्या बाजूला सुपरिंटेंडेंट, म्हणजे मंडळाने नेमलेला पगारी शिक्षणाधिकारी. न्यू जर्सीच्या कायद्यात मंडळाच्या सदस्यांसाठी आचारसंहिता आहे. शाळा चालवणं हे तुमचं काम नाही, ती नीट चालते आहे ना हे बघणं तुमचं काम आहे, असा तिचा गाभा. शिक्षकांच्या बदल्यांसाठी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या बघत माझी नोकरी गेली. हे कलम कळलं तेव्हा मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

बैठकीत भव्यदिव्य काही नव्हतं. एका इमारतीचं छप्पर, शाळेच्या बसचा ठेका, शिक्षकांच्या आरोग्यविम्याचा वाढलेला खर्च. मग अध्यक्षांनी लोकांना बोलायला सांगितलं. माणशी तीन मिनिटं. ज्याला बोलायचंय त्याने माइकपाशी जायचं आणि नाव-गाव सांगायचं. एक आजोबा उठले. म्हणाले, माझी मुलं शिकून बाहेर पडल्याला वीस वर्षं झाली, पेन्शनवर राहतो, आणि घरपट्टी दरवर्षी वाढते. मी किती दिवस या गावात राहू शकेन ते मला सांगा. त्यांच्यामागून एक तरुण आई आली. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठीच्या शिक्षिकेचं पद तुम्ही कापताय, तसं करू नका, एवढंच तिचं म्हणणं. दोघांचंही खरं होतं. मंडळ दोघांचं ऐकत होतं, आणि पैसा एकच होता.

त्या पैशाला लगामही आहे. पूर्वी दर एप्रिलमध्ये शाळांचं अंदाजपत्रक मतदारांपुढे मताला जाई, आणि लोक ते नामंजूरही करत. २०१० मध्ये कायदा झाला. घरपट्टीतून शाळांसाठी घ्यायची रक्कम वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. काही सवलती आहेत, पण त्यापलीकडे जायचं तर लोकांची परवानगी लागते. २०१२ पासून बहुतेक गावांनी निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली. मर्यादेतल्या अंदाजपत्रकावर तिथे आता मतदान होत नाही. नव्या इमारतींसाठी कर्ज काढायचं असेल तर मात्र मतदान घ्यावंच लागतं. खर्च दोन टक्क्यांनी थांबत नाही, म्हणून काहीतरी कापावं लागतं. त्या आईचं गाऱ्हाणं तिथून आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचं घर महाग त्याची शाळा चांगली, मग गरिबाने काय करायचं? माझाही प्रश्न हाच होता. लेकीच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत ट्रेंटन आहे, राज्याची राजधानी. तिथली वस्ती गरीब, घरं स्वस्त, म्हणून घरपट्टीतून जमा होणारी रक्कमही थोडी. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत १८७५ पासून असं आहे की पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी राज्याने परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळा चालवल्या पाहिजेत. या दोन शब्दांवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. १९७३ मध्ये न्यायालय म्हणालं, घरपट्टीवर एवढं अवलंबून राहिलात तर घटनेचं वचन पाळलं जात नाही. विधिमंडळाने चालढकल केली. तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. उन्हाळी सुट्टी होती, पण उन्हाळी वर्ग बंद पडले, आणि काही दिवसांतच राज्यात आयकर लागू झाला.

तेवढ्याने भागलं नाही. १९८१ मध्ये गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने दुसरा खटला दाखल झाला, ॲबट विरुद्ध बर्क. त्याचा १९९० चा निकाल वाचताना आजही मला नवल वाटतं. गरीब शहरांतल्या मुलांवर होणारा खर्च श्रीमंत उपनगरांतल्या मुलांवरच्या खर्चाच्या बरोबरीला आणा, असा आदेश. १९९८ मध्ये त्या शहरांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी चांगली बालवाडीही न्यायालयाने देवविली. २००८ पासून राज्याची मदत एका सूत्राने ठरते. गरीब घरातलं मूल, इंग्रजी न येणारं मूल यांच्यासाठी जास्त रक्कम धरायची, आणि गावाची ऐपत बघून राज्याने आपला वाटा द्यायचा. म्हणून ट्रेंटनच्या शाळांत मोठा पैसा राज्याचा, आणि उपनगरांत मोठा पैसा घरपट्टीचा. केंद्र सरकारचा वाटा एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. पैशाची दरी बरीच बुजली. ट्रेंटनचं मूल आणि माझी नात मात्र एका वर्गात बसत नाहीत, कारण मधे गावाची हद्द आहे. ती कोर्टाला पुसता आली नाही.

आणि एवढ्या पैशांच्या, एवढ्या देखरेखीच्या शाळांत मुलं कशी आहेत? परीक्षेच्या निकालात प्रिन्स्टनच्या आसपासची उपनगरं राज्यात वरच्या रांगेत असतात. त्यातलंच एक ठळक नाव वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो. दोन गावं, दोन वेगळ्या काउंटींतली, पण शाळा-जिल्हा एक. दहा शाळा, नऊ हजारांहून अधिक विद्यार्थी. आपली मंडळी आणि चिनी कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने राहतात. २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. निकालांबद्दल अभिनंदन करणारं ते पत्र नव्हतं. त्यांनी लिहिलं की आदल्या वर्षात आपल्या १२० विद्यार्थ्यांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं, आणि त्यांतल्या ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

मग त्यांनी बदल सुचवले आणि केले. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद, काही रात्री गृहपाठ नाही, चौथीपासून सुरू होणारा पुढच्या गणिताचा वर्ग सहावीपासून. यावर पालकांत उभी फूट पडली. न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी केली. विरोध करणाऱ्यांत भारतीय आणि चिनी पालक बरेच होते. आम्ही शिक्षणाच्या जोरावर इथवर आलो, आता आमच्या मुलांची वाट सोपी करून त्यांना मागे ठेवणार का, असं त्यांचं म्हणणं. मला ते परकं वाटलं नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणारे आणि न येणारे, असे दोन्ही पालक मी पाहिले आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुलं आली याचा फलक शाळेच्या दारात मी स्वतः लावला आहे. फलकावर ज्यांची नावं नव्हती त्यांनी तो रोज वाचला असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

माझी नात आठवीत आहे. एका रात्री साडेअकराला तिच्या खोलीत दिवा दिसला म्हणून आत गेले. ती गणितं सोडवत होती. मी म्हटलं, ''झोप की गं बाळा.'' ती म्हणाली, ''आजी, आईबाबांनी एवढं महाग घर माझ्या शाळेसाठी घेतलंय ना.'' घरपट्टीचा हिशोब तेरा वर्षांच्या पोरीपर्यंत पोचला होता. सकाळी मी लेकीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत लेक पहिल्यांदा माइकपाशी उभी राहिली आणि गृहपाठाबद्दल बोलली. तीन मिनिटांतली दोनच तिने वापरली.

श्रोतेहो, या सगळ्याचा मी काय अर्थ लावला? जिथे माणूस शाळेला पैसे देतो आणि हिशोबही मागतो, तिथे शाळा नेटकी राहते. पण दिलेल्या पैशाचा मोबदला तो मुलाकडून मागू लागला, की त्याला थांबवणारं कोणीतरी त्याच सभागृहात उठून उभं राहावं लागतं. वेस्ट विंडसरला ते काम एका अधिकाऱ्याने केलं. इतरत्र आईबापांनीच करायचं आहे.

आपल्याकडे माइक नाही असं समजू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कसं खर्च झालं ते बघायचं, हे तिचं काम. मी मुख्याध्यापिका म्हणून अशा समितीची सचिव होते. तुम्हाला खरं सांगते, कित्येकदा बैठक झालीच नाही. मी इतिवृत्त लिहिलं, आणि शिपायाने वही घरोघर फिरवून सह्या आणल्या. पालकांना वेळ नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. वेळ लेकीच्या गावातल्या लोकांनाही नव्हता. त्यांना बोलावणं होतं, आणि बोलल्यावर कोणीतरी ऐकेल असा भरवसा होता.

परत आल्यावर मी आमच्या गावच्या शाळेत जाऊन बसते. मला आता कसलाही अधिकार नाही. नव्या बाईंना एवढंच सांगितलं, बैठक संध्याकाळी ठेवा, मजुरीवरून आया परतल्यावर. गेल्या महिन्यात सात जणी आल्या. एकीने विचारलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही? बाईंनी तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि खाली तिची सही घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)